कानातले नाव

गोव्यातल्या पाळी गावात आमच्या घरासमोरून पूर्वी दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. खाणी बंद झाल्या आणि रस्ता गप्प झाला. आता सकाळी पोदेराचा भोंपू वाजतो, पाव देऊन तोही पुढे जातो, आणि मग पलीकडच्या वाड्यावर कुणी खोकले तरी ऐकू येते. पानांवरची तांबडी धूळ मात्र दोन पावसाळे झाले तरी पुरती गेलेली नाही.

माझे नाव भिकाजी. खाणीच्या वर्कशॉपात तीस वर्षे यंत्रांना ग्रीस मारले. सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत अंगठा उठवत होतो. मग पंचायतीच्या खोलीत प्रौढांचा वर्ग निघाला, तिथे अक्षरे शिकलो. उशिरा शिकलेला माणूस लिहिलेले फार जपतो. जे घडले ते मी त्या त्या वेळी वहीत लिहून ठेवले. ती वही समोर ठेवूनच हे सांगतो आहे.

माझी बायको शेवंती. तिला विसरण्याचा आजार झाला. आधी आमटीत मीठ दोनदा पडू लागले, मग न्हाणीघराची वाट चुकू लागली, आणि गेल्या पावसात ती मला विसरली. "घरात कोण मनीस शिरलो हा" म्हणून शेजारच्या विमलाला हाका मारायची. परक्याच्या हातचे खायचे नाही ही तिची लहानपणापासूनची सवय. मी परका झालो तसे तिचे जेवण सुटले; विमलाच्याही हातचे घेईना. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मुलगा अनंत वास्कोला असतो. तो म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर आश्रमात ठेवूया तिला. तिथे नर्स असतात, नळीने तरी भरवतील."

मला ती घरात हवी होती. त्यासाठी तिने मला ओळखायला हवे होते. बाकी काही नको होते.

डिचोलीहून जानकी नावाची एक मुलगी अशा आजारी माणसांच्या घरी फिरते. तिने येऊन तासभर आमचे वागणे बघितले आणि मलाच सुनावले. "आजोबा, तुम्ही तिची परीक्षा घेता. सारखे विचारता, मी कोण, ओळखलेस काय, विसरलीस काय. ती घाबरते. परीक्षा घेऊ नका. शिकवा."

तिची पद्धत मी वहीत उतरवून घेतली. एकच प्रश्न धरायचा. उत्तर आपणच सांगायचे आणि लगेच तिच्याकडून म्हणून घ्यायचे. एका मिनिटाने पुन्हा विचारायचे. बरोबर आले तर दोन मिनिटांनी, मग चार, आठ, सोळा, असे दरवेळी अंतर दुप्पट करत जायचे. चुकली तर रागवायचे नाही, बरोबर उत्तर सांगायचे आणि मागच्या अंतरावर यायचे. आठवण अशी हळूहळू लांबवता येते म्हणे. शिवाय शेवंतीला अक्षरे येत नाहीत म्हणून दारांवर चित्रे लावायची, आणि हाताला माहीत असलेली जुनी कामे तिला करू द्यायची. मी स्वयंपाकघराच्या दारावर मडके काढून चिकटवले. जानकीला ते वांगे वाटले.

प्रश्न ठरला, "मी कोण?" उत्तर, "भिकाजी."

इथेच आमची पंचाईत झाली. शेवंतीने पन्नास वर्षांत माझे नाव कधी तोंडातून काढले नव्हते. आमच्यात बाया घेत नाहीत. मतदार यादीवाला आला तरी विमलाला पुढे करायची. विमला पडवीतल्या सोप्याच्या बाकावर बसून हसत होती. "आता शिकवतास घोवाचां नाव घेवक? लग्नात शिकवक होयां होतां."

पहिल्या दिवशी शेवंतीने पदर तोंडाशी धरला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी विचारले, "मी कोण?" तिने माझ्याकडे नीट पाहिले. असे तिने पावसाआधी पाहिले होते.

"गोकुळदास," ती म्हणाली.

मी सांगितले, "भिकाजी." तिने मान हलवली. "तां वरचां नाव," म्हणाली. एका मिनिटाने विचारले, पुन्हा गोकुळदास. दोन मिनिटांनीही तेच. आवाज शांत होता आणि डोळे माझ्यावर होते. मी भाताची वाटी पुढे केली. तिने माझ्या हातून चार घास खाल्ले.

जानकीला फोन केला. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे बघून म्हणते ना? जेवते ना? मग तेच उत्तर बरोबर धरा. नावाचे काय एवढे."

मीही तेच धरले. तीन आठवड्यांत अंतर चार तासांवर गेले. बाकी सगळे ती पूर्वीसारखे विसरत होती, हे एक मात्र एकदाही चुकले नाही. गाल भरू लागले. अनंत येऊन बघून गेला आणि आश्रमाचा कागद खिशातच ठेवून परत गेला.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला होता. गोकुळदास कोण? तिच्या माहेरी त्या नावाचा कुणी नाही. खाणीवर नव्हता, वाड्यावर नाही. विमलाने मला चिडवायचे सोडून दिले होते. शेवटी एका रविवारी शेवंतीला विमलावर सोपवून मी कोरगावला गेलो. माझ्या आत्याची मुलगी गंगा तिथे आहे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. तिचे आणि शेवंतीचे आयुष्यात दोनदा बोलणे झाले असेल, तेही भाताच्या बियाण्यावर.

गंगा अंगणात सुपारी फोडत होती. मी नाव सांगताच तिचा अडकित्ता थांबला.

"कोणी सांगल्यान तुका ह्यां?"

"शेवंतीन."

"तिका कोणी सांगल्यान?"

"तांच इचारूक इलंय."

तिने अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझ्या आदी दोन झील झाले, तुझे थोरले भाव. दोगांचीय नावां बारशाक मोठ्यान घेतली. दोगय ऱ्हवले नाय, पाळण्यातच गेले. तुझ्या टायमार माझ्या आवशीन, तुझ्या आत्येन, तुझ्या कानात एक नाव सांगल्यान, आणि भायर दुसरां. मागान घेतलेलो म्हणान भिकाजी. कानातलां कोणी घेवचां नाय असां ठरलां."

"कोण ऐकात म्हणान?"

"तां कोण सांगतलो?" तिने सुपारी सुपात टाकली. "मी पाळण्याकडे उबी होतंय म्हणान माका म्हायत. आता मीच एकटी उरलंय." उठताना तिने विचारले, "कितीदा घेतल्यान तिनां?"

वहीत दोनशेवर खुणा होत्या. मी "दोनचारदा" म्हटले.

परतीच्या बसमध्ये मी हिशेबी माणसासारखा विचार केला. माझी आई माझ्या लग्नाआधी सहा वर्षे गेली. आत्या त्याच्याही आधी. पाळण्याकडचे ते नाव शेवंतीपर्यंत कुठल्या वाटेने आले असेल? एकही वाट सापडली नाही. भीती वाटली असे म्हणणार नाही. इतकी वर्षे मी एका नावाने जगलो आणि दुसरे माझ्या कानात होते, याचेच नवल जास्त होते. मी ते बसमध्ये हळूच उच्चारून बघायला गेलो आणि ओठ मिटले.

घरी येऊन ठरवले, प्रश्न बंद. दुसरा दिवस सोमवार. सकाळी मी विचारले नाही. दुपारी जेवण पुढे केले तर शेवंतीने ताट ढकलले आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "तुमी कोण? घरात कोण नाय माझ्या."

मी सांडलेली आमटी पुसली. मग पाट ओढून समोर बसलो आणि विचारले, "मी कोण?"

"गोकुळदास," ती म्हणाली, आणि खाली बसून जेवली.

नाव लपवायचे की तिला जेवू घालायचे, या दोहोंतले एकच मला करता येत होते. मी तिला जेवू घातले.

त्याच दुपारी, पावणेचार वाजता, शेवंती सोप्यावर बसली होती. मी आत चहा करत होतो. तिने स्वच्छ आवाजात म्हटले, "गोकुळदास."

मी बाहेर आलो. मी काही विचारले नव्हते. ती फाटकाकडे बघत होती. फाटकाशी कुणी नव्हते, रस्ताही मोकळा होता.

एका मिनिटाने ती पुन्हा म्हणाली.

मग दोन मिनिटांनी. मी घड्याळ आणले. मग चार. आठव्या मिनिटाला मी फाटकात जाऊन उभा राहिलो. शेवंतीची नजर माझ्या जरा बाजूला होती, कमरेच्या उंचीवर. तिने ऐकल्यासारखी मान किंचित वाकवली आणि उत्तर दिले.

विचारणे मला ऐकू आले नाही. पण कुणीतरी जानकीच्या पद्धतीने विचारत होते.

सोळा. बत्तीस. मग तासाभराने. मग दोन तासांनी, आठ वाजता, ती पडवीत नव्हती तरी जेवता जेवता म्हणाली. मी वहीत वेळ टिपत गेलो. रात्री झोपेत एकदा, मंगळवारी सकाळी पावणेनऊला एकदा. एका मिनिटाचाही फरक नाही. मधल्या वेळात मी विचारले तर मलाही तेच उत्तर द्यायची आणि पोटभर जेवायची. पूर्वी इतकी शांत ती कधी दिसली नव्हती.

मी बेरीज मांडली. पुढचे बुधवारी पहाटेच्या आधी. ते आले. त्यापुढचे चौतीस तासांनी, गुरुवारी दुपारी बारा वाजता.

गुरुवारी मी भात लवकर शिजवला. साडेअकराला सोप्यावर तिच्या शेजारी बसलो. ऊन स्वच्छ होते. खाणीच्या खड्ड्याकडून पाण्याचा थंड वास येत होता.

बारा वाजले.

शेवंतीने नाव घेतले नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, नीट, कपाळापर्यंत. आणि उठून एका बाजूला झाली, दारातून कुणाला आत यायला वाट द्यावी तशी.

"कोण इलां?" मी विचारले.

"तुमचे थोरले," ती हळू म्हणाली.

मग आत गेली. मडक्याचे चित्र बघण्यासाठी ती थांबली नाही. दोन वर्षांत तिला ताट वाढता आले नव्हते. मी मागोमाग दारात उभा राहिलो. तिने भिंतीकडे दोन पाट मांडले, तिसरा जरा खालच्या बाजूला. ताटे घेतली, मीठ डावीकडे वाढले, कुठे अडली नाही.

"गोकुळदास," तिने मला हाक मारली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. "बसा. वाट बघतत."

मी तिसऱ्या पाटावर बसलो. माझ्या ताटातला भात मोकळा होता. वरच्या दोन ताटांतला तिने बोटांनी कुस्करून मऊ केला होता, दात न आलेल्या मुलांना करतात तसा.