पडक्या कमानीपाशी उभा असलेला माणूस

भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. जुनी चित्रं साफ करणं हा माझा धंदा. मेलेल्यांच्या हातची कामं रोज पुसायची, तर घाबरून कसं चालेल? त्या ऑगस्टमध्ये आम्ही रोमहून डोंगरातल्या सासरी गेलो होतो, आमच्या तान्ह्या नीवेसच्या बाप्तिस्म्यासाठी. जेवणघरातलं मोठं चित्र धुरानं काळंकुट्ट झालेलं. म्हटलं, पाहुणे यायच्या आत पुसून टाकू.

चित्र नेहमीचंच. पडकी कमान, मोडके खांब, दगडावर ओल्या हातांनी धुणं पिळत बसलेली बाई, आणि बोट करून काहीतरी दाखवणारा एक बारकासा माणूस. अशा चित्रांत पडझड एक चितारी रंगवायचा आणि माणसं वरून दुसराच कुणी काढायचा.

"त्या माणसाला जपून हं, ओर्नेला," सासूबाई घेवडा निवडता निवडता म्हणाल्या. "माझ्या सासूच्या वेळी त्यानं गोठ्याकडे बोट केलं होतं. भूकंपात नेमका गोठाच बसला."

"आई, तू पण ना!" माझा नवरा तुलिओ हसला. "जेवण तरी गोड लागू दे!"

मी कापसाचा बोळा थुंकीनं ओला करून धूर काढू लागले. नाकं मुरडू नका, आमच्या धंद्यात थुंकीसारखं औषध नाही. बोटापुढचा दगड उजळला आणि माझा हातच थांबला. तिथे खिडकी होती. डावी झडप बिजागरीतून निखळलेली... वरच्या खोलीची, नीवेस झोपते त्या खोलीची.

मी नीवेससकट पाळणा खाली स्वयंपाकघरात आणला. जेवणं झाली, गाव खिडक्या लावून झोपलं, आणि जमीन गुरगुरली. आम्ही वर धावलो तेव्हा त्या खिडकीवरचा भला मोठा दगड खोलीत पडला होता. पाळण्याच्याच जागी.

मी खाली धावले. तशीच चित्रापाशी आले. बोट आता चित्राबाहेर वळलं होतं, स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी पाळणा अंगणात नेला. परत येऊन बघते तर बोट अंगणाकडे... वळताना मात्र कुणालाच दिसलं नाही.

"माझ्या पोरीच्या मागे लागलाय हा!" तुलिओ ओरडला. मी "थांब, थांब" म्हणेपर्यंत त्यानं माझी रंग विरघळवायच्या औषधाची बाटली बोळ्यावर ओतली आणि माणूस पुसून काढला. खाली कोरा दगड निघाला, कधी कुणी तिथे उभंच नव्हतं असा.

सासूबाई मटकन खाली बसल्या.

"अरे मेल्या, तो मागे नव्हता लागला... सांगत होता. आता कोण सांगणार?"

बाप्तिस्मा आता परत जाऊन रोममध्येच करायचं ठरलं. तुलिओनं नीवेसला गाडीत मागे बसवलं आणि तो सासूबाईंना आणायला आत गेला. बॅग उचलताना माझी नजर चित्राकडे गेली. धुणं दगडावर तसंच पडलं होतं. ते धुणारी बाई कुठेच नव्हती.

मी बॅग टाकून पळत सुटले. गाडीची दारं बंद होती. आत नीवेस खिदळत होती, कडेवर घे म्हणताना करते तसे दोन्ही हात वर करून, शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत. मी दार उघडून तिला ओढून घेतलं. तिच्या काखेखालचं झबलं ओलंचिंब होतं... दोन्ही बाजूंनी.