पाण्याखालची खूण

बादली घेऊन तो चुकून प्रयोगशाळेच्या पुढच्या दारानं आत आला आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर निम्मा समुद्र सांडून उभा राहिला. बादलीत तिनेच, तिथल्या संशोधिकेने, मागवलेले समुद्री स्पंज होते. ती चिडणार, तेवढ्यात तो म्हणाला, "ओरडा, पण हळू. माझे कान अजून वर आलेले नाहीत."

चिडायचं राहूनच गेलं. मग या पाणबुड्याच्या फेऱ्या उगाचच वाढल्या. स्पंजातून ती काढायची त्या अर्काने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी काचेच्या बशीत मरत होत्या. तो कौतुकाने बघत राहायचा. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून तिथल्या खुणा तिला शिकवायचा. दोन तर्जन्या शेजारी शेजारी टेकवल्या, की— सोबत राहा. ही खूण तो जरा जास्तच वेळा शिकवायचा.

एकदा तिच्या लक्षात आलं, तो चहा एकाच बाजूने पितो.

"हवेच्या नळीनं गाल सोलवटलाय. होईल बरा... दोन महिने झालेत."

"आ करा."

"घास भरवताय? इतक्या लवकर? अजून घरी विचारलंही नाहीत!"

ती हसली नाही. गालाच्या आत पांढरा, कडेने लालसर चट्टा होता. तिने त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं.

तपासणीत कर्करोगच निघाला. तो तिच्यासमोर येऊन बसला.

"गाल कापणार म्हणतात. मी नाही कापून घेणार. तुमचं औषध द्या. स्पंज मीच आणलेत ना? आणि विश्वास माझा तुमच्यावरच आहे."

इतकं गोड तिला आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि नेमकं तेच तिला खोडून काढायचं होतं.

"हे औषध नाहीये. बशीत जे मरतं, ते माणसात मरेलच असं नाही. वर्षं लागतील... कदाचित जमणारही नाही. तोवर हा रोग थांबायचा नाही. उद्या दवाखान्यात चला. मी येते."

"तुम्ही कशाला?"

"कारण मला तू हवा आहेस," ती म्हणाली, आणि रडली. "गालावर व्रण घेऊन ये... पण ये."

तो उठून म्हणाला, "सकाळी लवकर निघू."

शस्त्रक्रिया झाली. अर्धा चेहरा पट्टीत, बोलायला मनाई. शुद्धीवर येताच त्याने डोळ्यांनी तिला शोधलं. एक हात कष्टाने वर आला, तर्जनी सरळ झाली. दुसरा हात सलाइनसाठी पट्टीने बांधून ठेवलेला; तो काही हलेना.

तिने आपली तर्जनी त्याच्या तर्जनीशेजारी टेकवली.