लाल टॉवेलचं उदाहरण

मंगळवारी दुपारी शेजारच्या अंबूबाईची म्हैस दावं तोडून अंगणात शिरली आणि दोरीवरचा आकाराम मास्तरांचा लाल टॉवेल तिनं शांतपणे खाल्ला.

मास्तरांनी तिला हाकललं नाही. चहा घेतला आणि कपाटातली निळी वही काढली. इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण कुठं बसतं, यावर ते निवृत्तीपासून लिहीत होते. रोज एक उदाहरण, तेही त्याच दिवशी खरोखर घडलेलं. वर्गातही ते घडलेलीच उदाहरणं देत; म्हणायचे, नियम पुस्तकात सापडतो, उदाहरण दारात यावं लागतं.

"दीक्षा, 'द बफेलो एट माय रेड टॉवेल.' यात 'क्वायटली' कुठं बसवू?"

मोबाइलवरून मान न उचलता लेक म्हणाली, "कुठंही बसवा, अण्णा. कोण वाचणाराय?"

मास्तरांनी ते वाक्य संध्याकाळपर्यंत घोळवलं. लिहून झाल्यावर त्यांनी वही कपाटात ठेवली.

बुधवारी पहाटे ते गेले.

घरची सगळी स्मशानात गेली, दीक्षाही. घर राखायला मास्तरांचा जुना विद्यार्थी पृथ्वीराज थांबला. राजारामपुरीत त्याचे इंग्रजीचे क्लासेस होते. केवढा गुणी, असं सगळे म्हणाले.

चौथ्या दिवशी दीक्षानं कपाट उघडलं. वही नव्हती.

आदल्या दिवशी रद्दीवाल्या गुंडूनं रद्दी नेली होती. नातेवाइकांनी लगेच त्याचं नाव घेतलं. गरिबावर संशय घ्यायला त्यांना पुरावा लागत नाही.

"निळी वही नेलीस का, गुंडू?"

"न्हाय ताई. दाराजवळचं पेपर उचललं तेवढंच. कपाट कुठल्या खोलीत हाय, ते बी ठावं न्हाय मला."

उन्हाळ्यात एका दुकानात तिला इंग्रजी क्रियाविशेषणांवरचं पुस्तक दिसलं. लेखक, प्रा. पृथ्वीराज. कव्हरवर हाताची घडी घातलेला त्याचाच फोटो, चौकातल्या फ्लेक्सवर असतो तसा. दीक्षानं ते उभ्यानंच चाळलं, शेवटचं पान दोनदा वाचलं आणि विकत घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती अंबूबाईला घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली.

"यातली वाक्यं कुणाची?"

"सरांचीच. प्रस्तावनेत 'गुरुजनांचे आशीर्वाद' लिहिलंय की."

"वही कधी मिळाली तुम्हाला?"

"दिवाळीत. सरांनी स्वतः दिली. म्हणाले, माझ्याच्यानं पुरं व्हायचं नाही, तू कर."

"म्हणजे ते जायच्या महिनाभर आधी. मग पुढं त्यात कुणी काही लिहिलं?"

"कोण लिहिणार? वही माझ्याकडं होती."

"शेवटचं म्हशीचं वाक्य तुमचं असेल."

पृथ्वीराज हसला. "छे. असली वाक्यं सरांनाच सुचायची."

"अंबूबाई, म्हशीनं टॉवेल कधी खाल्ला?"

"मास्तर जायच्या आदल्या दिशी, मंगळवारी. सोमवारीच तर बाजारातनं आणलीती तिला. मास्तरास्नी नवा टॉवेल द्याचा ऱ्हायला बघा, पावणं."

पृथ्वीराजचं हसू थांबलं.

"अण्णांना वाक्यं सुचत नसत," दीक्षा म्हणाली. "ती घडायची. मंगळवारी संध्याकाळी हे वाक्य लिहून त्यांनी वही कपाटात ठेवली, माझ्यासमोर. बुधवारी आम्ही त्यांना पोचवायला गेलो आणि घरात तुम्ही एकटे राहिलात. गुंडू आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. पाच वर्षं त्यांच्या वर्गात बसलात, आणि त्यांची एवढी सवय माहीत नाही. म्हणजे तेव्हाही शेजारच्याचंच बघून लिहीत होतात."

त्यानं ड्रॉवर उघडला. निळी वही टेबलावर ठेवत पुटपुटला, "दोघांचं नाव घालू या ना, ताई."

"नाव एकच येईल. ही पुस्तकं दुकानांतून उचला. आणि गुंडूच्या दारात जाऊन सांगा, चोर कोण होता ते."

"पायीच जावा," अंबूबाई म्हणाली. "गल्लीला दिसू दे."

घरी येऊन दीक्षानं शेवटचं पान उघडलं. 'क्वायटली' बसवून वाक्य अण्णांनी पुरं केलं होतं. खाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बरोबर बसलं का? दीक्षाला पुन्हा विचारणे.'

ती त्यांच्या खुर्चीसमोर बसली. दोरीवर नवा टॉवेल लटकत होता. अंबूबाईनं जाता जाता आणून टाकला होता.

"बरोबर बसलंय, अण्णा," ती मोठ्यानं म्हणाली. "मी वाचतेय."