दोन तारांची केबल

अक्षताच्या नव्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट सगळे निळे, म्हणजे नव्या जातीचे होते, आणि धम्मदीपने दिलेल्या यांत्रिक हाताशी त्यांचं काही केल्या जमत नव्हतं. केबल खोचली की लॅपटॉप टुण् करायचा आणि कोपऱ्यात पिवळी खूण यायची: जोडलेलं उपकरण ओळखता आलं नाही. तिने केबल काढली, पुन्हा लावली. ड्रायव्हर उडवला, नवा टाकला. लॅपटॉप बंद करून चालू केला. उपकरण ओळखता आलं नाही.

"आमच्या जुन्या लॅपटॉपवर बिनबोभाट चालायचं गं," धम्मदीप फोनवर म्हणाला. तो खराडीला तिच्याच कंपनीत होता. सुट्टीच्या दिवशी चार हौशी लोक जमवून रोबो बनवायचा. "तुझा श्रीमंताघरचा दिसतोय. जुन्या माणसांशी बोलत नाही."

"मग मी काय करू ते सांग."

"आधी केबल बदल. बहुतेक वेळा केबलच असते. नाहीच झालं तर मध्ये जुन्या पद्धतीचा हब लाव, ती जोडणीची डबी."

येरवड्यात, जेल रोडच्या आतल्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. पुढच्या खोलीत मधोमध टेबल, आणि टेबलाशी खुर्चीत बाबा. हात टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळून बसवला होता. हात म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक सांध्यात एक छोटी मोटार आणि टोकाला दोन बोटांचा चिमटा. चिमट्यात स्टीलचा चमचा. या हाताला स्वतःची अक्कल नव्हती. शिकवायचं बटण दाबलं की मोटारी ढिल्या पडत. मग चमचा धरून वाटीपासून तोंडापर्यंत न्यायचा, आणि कुठला सांधा कधी किती वळला हे केबलीतून लॅपटॉपमध्ये जाऊन साठायचं. पुढे लॅपटॉप तेच केबलीतून परत सांगणार, आणि हात तसाच फिरणार. सांगणारा गप्प तर हातही गप्प.

बाबांनी, म्हणजे बाबुरावांनी, हडपसरच्या एका कारखान्यात उभी हयात प्रेस चालवला. मग कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कारखान्याची होती. तेव्हापासून त्यांच्या उजव्या हाताला बाहेर काम उरलं नाही. घरात तो काय करत होता, ते कुणी बोलून दाखवत नसे. अक्षता ते भिंतीपलीकडून ऐकत ऐकतच इंजिनिअर झाली. गेल्या वर्षी त्यांच्यावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. हा हात आता उठायचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई दवाखान्याच्या जिन्यात पदर तोंडावर धरून रडली होती. रडण्याचेही प्रकार असतात, हे अक्षताला त्या दिवशी कळलं.

आई म्हणजे ललिताबाई. पहाटे अंघोळ करून मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील म्हणायचं, पौर्णिमेला उपोसथाचा उपवास धरायचा, यात कधी खंड पडला नव्हता. पण हे सगळं इतकी वर्षं ओठांतल्या ओठांत चालायचं. बाबा खुर्चीला खिळले आणि तिच्या आवाजाला जरा मोकळीक मिळाली. विहारातल्या बायकांनी तो ऐकला आणि ठरवून टाकलं की यंदाच्या वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथ ललिताबाईंनीच वाचायचा. वेळ सातची. आणि बाबांना जेवण सातलाच लागायचं, तेही आईच्या हातचं. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ते दात आवळून बसत.

"मी विहारात सांगते, मला जमायचं नाही," आई म्हणाली.

"आयुष्यभर तू हेच सांगत आलीस," अक्षता म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी यांत्रिक हात घेऊन आली.

तिने कपाटाचा खण उपसला. मोबाइलच्या चार्जरची एक जुनी केबल सापडली, ती लावली. लॅपटॉप वाजला नाही. पिवळी खूण आली नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार घेणाऱ्या अक्षताने सुटकेचा श्वास सोडला. तक्रार बंद झाली म्हणजे दुखणं गेलं, असं तिने धरलं.

मग तिला एक युक्ती सुचली. दुसऱ्याच्या हातचं खात नाहीत ना, तर बाबांनीच हाताला शिकवावं. तिने बाबांचा उजवा हात मांडीवरून उचलला. तो थंड होता, आणि नुसत्या हाताच्या मानाने फार जड. त्याची बोटं चमच्यावर मिटवून, वरून आपली मूठ आवळून तिने तो वाटीतून तोंडाकडे नेला. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते हातांकडे बघत होते, दोन्ही.

तिने चालवायचं बटण दाबलं. प्रोग्रॅमची खिडकी पांढरी पडली आणि गोठली. आता हे काय नवीन, म्हणून ती खिडकी बंद करायला गेली, तेवढ्यात हात हलला.

चमच्याने मऊ भात घेतला. बूड वाटीच्या कडेला पुसलं. तोंडाशी येऊन थांबला. बाबांनी तोंड उघडलं.

"बाई गं, जेवले की," आई दारातून म्हणाली आणि हसली. तिचं हसणं इतकं मोठं असतं, हे त्या घराला माहीत नव्हतं.

अक्षताने धम्मदीपला कळवलं की प्रोग्रॅम गोठतोय, पण हात चालतोय. "चालतोय ना? मग बोट लावू नकोस," त्याने उत्तर पाठवलं.

शेजारच्या वासंतीकाकू आपलं दार उघडं ठेवून कानोसा घ्यायच्या, आणि आई सातच्या आत विहारात पोचायची. एका शनिवारी अक्षता मागे जाऊन बसली. पांढऱ्या साडीतल्या बायकांपुढे आई वाचत होती, एकेका शब्दाला पुरता वेळ देत. अडखळली की मागचं वाक्य पुन्हा घ्यायची. कुणी घाई करत नव्हतं. परत येताना आईने तिच्या हातात हात घातला. असं तिने पूर्वी कधी केलं असेल तर अक्षताला आठवत नव्हतं.

"ते कडेला पुसायचं तू शिकवलंस का गं त्याला?" रस्त्यात आईने विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही. तुझे बाबा बोटं तशीच पुसायचे ताटाला." ती थोडं चालली. "तस्संच."

त्यानंतर टकटक सुरू झाली. वाटी रिकामी झाली की हात चमच्याची पाठ टेबलावर आपटायचा. टक, टक, टक. अक्षताने सांधे तपासले, एक स्क्रू आवळला. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ती घरात असताना पुन्हा टकटक झाली, आणि आई कणकेच्या हातांनी पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली. टेबलाशी आल्यावर ती थांबली. आपण का आलो, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. बाबांनी तांब्याकडे पाहिलं. मग हाताकडे.

"सवय," आई म्हणाली आणि आत गेली.

श्रावण उजाडला. एका संध्याकाळी जिन्यात वासंतीकाकूंनी अक्षताला अडवलं. "ललिताबाईंना बरं नाही का? वाचायला जात नाहीत त्या. काल विहाराच्या कर्ण्यावर दुसरीच बाई ऐकली. ती वाचते, की रेल्वेची घोषणा करते, कळत नाही."

अक्षता वर आली. आई बाबांपुढे स्टुलावर बसली होती. हात घास उचलत होता.

"तू गेली नाहीस?"

"मी नसले की जेवत नाहीत ते."

"अगं, पण हात आहे ना."

"हातालाही मी समोर लागते," आई म्हणाली.

पाऊस थांबून उकडत होतं, तरी तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते. अक्षताने पदर बाजूला केला. मनगटाच्या वर काळंनिळं पडलं होतं.

"कुकरचं झाकण लागलं."

हे वाक्य या घरात जुनं होतं. पूर्वी त्यात पाट असायचा, कधी मोरीचं दार असायचं.

रविवारी दुपारी आई आत आडवी झाली होती. अक्षता लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसली. प्रोग्रॅम नेहमीसारखा गोठलेला. तिने शिकवणीची नोंद उघडून पाहिली. रिकामी होती. दुसऱ्या ठिकाणी साठली असेल म्हणून तिने लॅपटॉप धुंडाळला. हाताच्या सर्किटवर काही साठायला जागाच नव्हती, तरी तेही तपासलं. उरली केबल.

ती बोटांत धरली आणि तिला प्रथमच वाटलं, फार बारीक आहे. तिने कात्रीने केबल मधोमध कापली आणि वरचं रबर सोललं.

आत दोनच तारा होत्या. एक लाल, एक काळी.

चार असायला हव्यात. दोन विजेसाठी, दोन बोलण्यासाठी. स्वस्तातल्या चार्जरच्या केबलीत कधी कधी बोलण्याच्या तारा घालतच नाहीत. फोन चार्ज होण्यापुरती वीज गेली की झालं. म्हणून लॅपटॉपने तक्रार केली नव्हती. पलीकडे कुणी आहे, हे त्याला कळलंच नव्हतं. बाबांचा हात धरून शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि त्याने हाताला आजवर एक शब्द सांगितला नव्हता.

तिने हाताची मूळची केबल घेतली, मध्ये जुन्या पद्धतीचा हब लावला. लॅपटॉप टुण् करून वाजला. उपकरण ओळखलं. प्रोग्रॅम जागा झाला आणि त्याने सरळ सांगितलं: काहीही शिकवलेलं नाही. तिने चालवायचं बटण दाबलं. काही शिकवलं नसेल तर हाताने जसं उभं राहावं, तसा तो उभा राहिला.

तिने धम्मदीपला फोन लावला.

"दोनच तारा?" तो हसला. "मग इतके दिवस काय प्रेमावर चालत होतं?"

तिने हाताची केबल उपटून काढली.

"अक्षता?"

"तुझा हात घेऊन जा. आत्ता ये."

फोन ठेवून तिने मान वर केली. बाबा टेबलावरच्या कापलेल्या केबलीकडे बघत होते. चेहऱ्याची उजवी बाजू वर्षभर होती तशीच होती. डावी हसत होती.

आई दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"मला वाटलं होतं, संपलं," ती म्हणाली.

"कधीपासून, आई? मला का नाही सांगितलंस?"

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू चांगल्यासाठीच आणलंस ना."

अक्षताने शिकंजा सोडला. मोटारी सुट्या केल्या, पट्ट्या सुट्या केल्या, चिमट्यातून चमचा ओढून काढला. सगळं एका पिशवीत कोंबलं. धम्मदीप खाली येऊन मोटारसायकल चालू ठेवूनच थांबला होता. तिने पिशवी त्याच्याकडे दिली. पिशवी टाकीवर ठेवून तो गोल्फ क्लब चौकाच्या बाजूला वळला आणि दिसेनासा झाला, तोवर ती रस्त्यात उभी होती.

मग ती वर आली. टेबल ओल्या फडक्याने पुसलं.

"आज तू जायचंस," ती आईला म्हणाली. "यांना मी भरवते. आवळले दात तर आवळू देत."

आईने बराच वेळ टेबलाकडे पाहिलं. त्यावर पाण्याचा पेला आणि भाताची वाटी, एवढंच होतं. मग ती आत गेली, पांढरी साडी नेसून आली. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. दारात चपला घातल्या.

टक, टक, टक.

अक्षताने वळून पाहिलं. टेबल होतं तसंच होतं.

बाबांचा उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. डावा खुर्चीच्या दांडीवर होता, अक्षताच्या डोळ्यांसमोर.

"खाली कुणी खिळा ठोकतंय," ती म्हणाली. "तू नीघ."

टक, टक, टक.

पेल्यातलं पाणी थरथरलं.

विहाराच्या कर्ण्यावरून बायकांचा आवाज आला. सरणं गच्छामि. वाचन आता सुरूच होणार होतं.

आईने चपला काढल्या. भिंतीशी जोडून ठेवल्या.

"आई, थांब. आई."

ती अक्षताच्या बाजूने गेली. स्टूल पुढे ओढलं आणि बाबांसमोर बसली.

तिने चष्मा काढला. काड्या मिटल्या. आणि उठून तो खिडकीत, हात पोचणार नाही इतक्या लांब, नेऊन ठेवला.