बोटभर चिखल

आम्ही निघालो होतो चिखल आणायला! साधासुधा नाही, लाखो वर्षांपूर्वीचा, साडेतीन हजार मीटर खोल समुद्रतळातला. आमच्या जहाजावरच्या संशोधक बाईंना त्यात प्लवकांची कवचं हवी होती. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत राहणारे इवलेसे जीव. "समुद्र थंड पडला तेव्हा यांचं काय झालं, ते मला बघायचंय," बाई म्हणायच्या. ही त्यांची शेवटची फेरी. रिकाम्या हातानं परतलो, तर सहा वर्षांच्या कामावर पाणी!

नळीची तार सोडणारं-ओढणारं यंत्र, म्हणजे विंच, चालवणं माझं काम. पहिल्या खेपेला लांब पोलादी नळी तळात रुतवली आणि वर ओढून घेतली. नळीचं खालचं तोंड चिखलानं बरबटलेलं. आम्हा डेकवरच्यांची सवय अशी, की काहीही वर आलं की आधी पाण्याचा फवारा मारून लख्ख करायचं. मी मारला!

बाई धावत आल्या. "अहो मामा, काय केलंत हे! सगळ्यात जुना थर तोंडाशीच असतो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कप्तानानं आभाळाकडे पाहिलं. "वादळ येतंय. आणखी एकच खेप मिळेल."

नळी तळाशी पोचायला तास लागला. तोवर लाटा डेकवर चढू लागल्या होत्या. नळी घुसली... आणि अडकली! तार करकरली. तुटून उसळली असती, तर माणूस कापला गेला असता.

"तोडा तार!" कप्तान ओरडला.

"पाच लाटा द्या, साहेब! पाचच!"

जहाज खाली गेलं की तार ताणून घ्यायची, ब्रेक लावायचा, आणि लाटेलाच उचलू द्यायचं. एक. दोन. तीन. नळी ढिम्म हलेना! चौथ्या लाटेला बाईच ओरडल्या, "मामा, राहू द्या! तुम्हाला काही झालं तर त्या चिखलाचं काय करू मी?"

मी तार कापायला वळलो. तेवढ्यात पाचवी लाट आली. जहाज उचललं गेलं. हिसका बसला... सुटली!

दुसऱ्या दिवशी समुद्र निवला. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. नळीतल्या चिखलाच्या खालच्या थरात फुगीर, गोल कवचं. वरच्यात काचेसारख्या बारीक काड्या.

"गोल ते उबेतले, काड्या थंडीतल्या. मधला बोटभर चिखल साचला, तेवढ्या काळात समुद्र थंड झालाय."

"मग गोलवाले मेले?"

"काही संपले. बाकीचे उबेकडे सरकले. त्यांची जागा यांनी घेतली. समुद्र रिकामा नाही राहिला, मामा!" बोलता बोलता बाई रडूच लागल्या. "मिळालं हो, मिळालं!"

मलाही राहवेना. डोळे पुसत होतो, तर मागून कप्तानाचा आवाज आला, "रडून झालं असेल तर सरका जरा. मलाही बघू द्या."