सगळे आलेत, ताई

सकाळी नऊ वाजता पेज नावाच्या आमच्या वाळवंटी गावातल्या पेट्रोल पंपाशी मी सहा पाहुण्यांना गाडीत घेतलं. हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. पाहुण्यांना आईच्या कुरणातून, वाळूतल्या वाटेने घळीच्या तोंडापर्यंत न्यायचं, डोक्यावर हेल्मेटं चढवायची, तीन तास घळीतून चालवायचं आणि पलीकडून बाहेर काढायचं. जुलै महिना होता. आमच्याकडे तेव्हा दुपारी पाऊस येऊ शकतो, म्हणून निघण्याआधी मी चारी दिशा बघून घेतल्या. आभाळ स्वच्छ होतं.

सहापैकी पाच जण शहाणे होते. दोन निवृत्त शिक्षिका, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि एक अबोल डॉक्टर. सहावा प्रेंटिस. गाडीत बसल्यापासून तो माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत होता. वाळवंटावरची चार पुस्तकं वाचून आला होता. आमच्या घळीचं वय त्याने मला सांगितलं. माझ्या भाषेतला एक शब्द मी चुकीचा उच्चारते हेही सांगितलं. मी स्टिअरिंग घट्ट धरून "हो का?" म्हणत राहिले.

घळीच्या तोंडाशी माझी धाकटी बहीण हेल्मेटं मांडून बसली होती. आत मी सगळ्यांत पुढे असते आणि ती सगळ्यांत मागे. मी नियम सांगितले. भिंतींवर कोरायचं नाही, मागे राहायचं नाही, आणि आत गेल्यावर कोणालाही नावाने हाक मारायची नाही.

"का?" प्रेंटिसने विचारलं.

"मी सांगते म्हणून."

"हे कुठल्या पुस्तकात नाही."

"मग पुस्तकाला सांगा," धाकटी म्हणाली.

आम्ही डिने, म्हणजे या वाळवंटातले मूळचे लोक, एरवीही उठसूट नाव घेत नाही. ताई, धाकटे, मावशी, भाचेबुवा, अशी नात्याने हाक मारतो. नाव वापरून वापरून झिजतं असं आई म्हणते. गेलेल्या माणसाचं तर घ्यायचंच नाही. माणूस गेला की त्यातलं चांगलं ते निघून जातं आणि नको ते मागे रेंगाळतं. नाव घेतलं की ते ऐकतं. तीन वर्षांपूर्वी आमचा मधला भाऊ याच घळीत पाण्यात गेला. तेव्हा मागचा गाइड तो असायचा. शेवटचा पाहुणा त्याने शिडीवर चढवला आणि स्वतः खाली राहिला. त्याचं नाव मी तुम्हालाही सांगणार नाही.

घळ सुरुवातीला रुंद आहे, दोन माणसं शेजारी चालतील इतकी. मग भिंती जवळ येतात, वरचं आभाळ दोरीएवढं उरतं, आणि भर बाराच्या उन्हातही खाली संध्याकाळ असते. वाळू थंड लागते. पाहुण्यांचे आवाज आपोआप खाली येतात. प्रेंटिसचा आला नाही. एका वळणाशी तो थांबला आणि भिंतीवर थाप मारून म्हणाला, "इथेच ना तो गाइड बुडाला? मी जुन्या पेपरात वाचलंय."

मी मागे वळून काही बोलणार, तेवढ्यात त्याने तोंडाभोवती हात धरले आणि माझ्या भावाचं नाव जोरात पुकारलं. आडनावासकट. कशाला, तर प्रतिध्वनी ऐकायला.

प्रतिध्वनी आला नाही. त्या जागी कोणी शिंकलं तरी तीनदा ऐकू येतं. नाव मात्र त्याच्या तोंडातून निघालं आणि भिंतीत मुरलं.

"कमाल आहे," प्रेंटिस म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, आता बाहेर पडेपर्यंत तुमचं तोंड उघडलेलं मला दिसता कामा नये."

"ताई," मागून धाकटी आमच्या भाषेत म्हणाली, "याला इथेच पुरू का?"

"आधी बाहेर काढू. मग बघू."

ती हसली, पण हसणं वरवरचं होतं. पण सहा माणसं मधे उभी असताना काय करणार? पुढे निघाले.

तिथून पुढे तीन चिंचोळी वळणं लागतात. अंग तिरकं करून सरकावं लागतं. नाक एका भिंतीला, पाठ दुसरीला. हेल्मेटमुळे मान वळवता येत नाही, त्यामुळे पुढच्याला मागचं काही दिसत नाही. म्हणून आमची पद्धत अशी, की प्रत्येक वळण पार झालं की मागच्या गाइडने हाक द्यायची. ती ऐकल्याशिवाय पुढच्याने पाऊल उचलायचं नाही. एकोणीस वर्षांत ही पद्धत मी एकदाही मोडलेली नाही.

पहिलं वळण झालं. मी थांबले. मागून आवाज आला, "सगळे आलेत, ताई."

मी सरकले. दुसरं वळण. भिंतीला कान लागला होता. त्या दगडाला ओल्या लोकरीसारखा वास येत होता, आणि महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

"सगळे आलेत, ताई."

आवाज शांत होता. प्रेंटिसने डोक्याचा भुगा करूनही धाकटी इतकी शांत कशी, असं मला वाटून गेलं. खोटं कशाला बोलू, तो आवाज ऐकून मला बरं वाटत होतं. कोणीतरी माझी पाठ सांभाळतंय असं वाटत होतं. तिसऱ्या वळणानंतरही तेच ऐकलं आणि मी शिडीच्या खोलीत उतरले.

खोली म्हणजे घळीतली शेवटची मोकळी जागा. तिथून एक लोखंडी शिडी वरच्या कड्यावर जाते. एकेक करून पाहुणे फटीतून बाहेर आले. शिक्षिका, जोडपं, डॉक्टर, प्रेंटिस. त्याच्या मागे कोणी आलं नाही.

"माझी बहीण कुठे आहे?"

"मागेच आहे की," प्रेंटिस म्हणाला. "मघापासून माझ्या पिशवीला धरून चालतेय. सांगा तिला, मला ओढल्यासारखं होतं."

त्याच्या पिशवीचा पट्टा मागे, फटीच्या दिशेने ताणलेला होता. मी बघत असतानाच तो सैल होऊन खाली लोंबला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धाकटी अशी हाक कधीच देत नाही. तिची हाक म्हणजे, "आहेत गं मेले सगळे, चल लवकर!" सगळे आलेत, ताई, हे वाक्य भावाचं. तीन वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. आणि ते ऐकून मला बरं वाटलं होतं, याचाच मला अजून सगळ्यांत जास्त राग येतो.

वर बघितलं. आभाळाची पट्टी करडी झाली होती. फटीतून गार वारा आला, त्याला ओल्या मातीचा वास होता. लांब कुठेतरी पठारावर पाऊस पडला की आधी हा वारा येतो, आणि मग पाणी. मी सहाही जणांना शिडीवर चढवलं.

"वर जाऊन बसा. मी हाक मारली तरी खाली यायचं नाही."

"तुम्ही मारली तरी?" डॉक्टरने विचारलं.

"मी मारली तरी."

आणि मी उलटी फटीत शिरले.

हाक मारायची नाही असं ठरवलं होतं. उत्तर कोण देईल याचा भरवसा नव्हता. भिंत चाचपत सरकत होते. दुसऱ्या वळणाशी, तोंडापासून हातभर अंतरावर, कोणीतरी म्हणालं, "सगळे आलेत, ताई... तू परत फिर..."

समोर फक्त दगड होता. माझी पाचावर धारण बसली. पाणी कधीही येईल, समोर हे, आणि त्याच्याही पलीकडे माझी बहीण. मग एकाएकी माझं पित्त खवळलं. आधी तो प्रेंटिस, आणि आता हा!

"बास झालं तुझं," मी म्हणाले. बोलायला नको होतं, पण बोलले. "तीन वर्षं झाली. घरी कोणी तुझी वाट बघत नाहीये. जा आता."

हे खोटं होतं. आई रोज संध्याकाळी त्याचं ताट काढते, मग तो गेल्याचं आठवलं की परत ठेवते.

पुढे काही ऐकू आलं नाही. मी सरकत राहिले.

धाकटी पहिल्या वळणाच्याही पलीकडे, घळीच्या तोंडाच्या बाजूला होती. भिंतींमध्ये अडकलेल्या एका धोंड्यावरून उतरताना तिचा पाय मुरगळला होता. घोटा सुजून भोपळा झाला होता. मला बघताच ती पाठीने भिंतीला चिकटली आणि मूठभर वाळू माझ्या तोंडावर फेकली.

"पुढे येऊ नकोस!"

"अगं, मी आहे!"

"मघाशीही मीच आहे म्हणालीस! मी थांबा, थांबा म्हणून ओरडत होते, आणि तू पुढून सांगत होतीस... बस गं तिथेच, बाळा... हलू नकोस... मी येते..."

"मी? तुला बाळा म्हणाले?"

"हो..."

"गाढवा! चव्वेचाळीस वर्षांची घोडी तू, तुला मी बाळा म्हणीन? गेल्या आठवड्यापासून सांगतेय त्या बुटांचे तळ गेलेत, नवे घे, नवे घे. ऐकलंस? डोळ्यांत वाळू घालतेस, वर पाणी भरतंय, आणि मी इथे माझी ओळख पटवत बसू? ऊठ!"

धाकटी रडायलाच लागली. "ताई, तूच आहेस गं. तो आवाज फार गोड होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

तिचा हात खांद्यावर घेतला. फटीत दोघी शेजारी मावत नव्हतो, म्हणून तिला पट्ट्याने माझ्या कमरेला बांधलं आणि ओढत नेलं. ती कण्हत होती, मी शिव्या घालत होते. शिव्या थांबल्या की ती घाबरायची आणि म्हणायची, "बोलत राहा." शिडीशी पोचलो तेव्हा घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. डॉक्टर माझं न ऐकता चार पायऱ्या खाली आला होता. त्याने तिला वरून खेचलं. मी शेवटच्या पायरीवर असताना खाली ओंडके आदळायला लागले. तपकिरी पाण्याने खोली भरली आणि शिडीचा खालचा भाग दिसेनासा झाला.

प्रेंटिस कड्यावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. परत निघताना पिशवी त्याने कड्यावरच टाकली.

धाकटीच्या पायाला प्लास्टर घातलं. तीन दिवस ती गप्प होती. ही बाई जेवतानाही गप्प बसत नाही. शेवटी मी तिच्या खाटेशी बसले.

"काय लपवतेस?"

"तू ओरडशील."

"ओरडणारच आहे. बोल."

"त्या आवाजाने मला सांगितलं..." ती प्लास्टरकडे बघत म्हणाली. "म्हणाला, धाकटे, मला अंधारात वाट सापडत नाही. मला नावाने हाक मार, म्हणजे मी बरोबर येईन."

"आणि तू माझ्या नावाने मारलीस?"

"तुझाच आवाज होता गं! पाय ठणकत होता, मी एकटी होते..."

"किती वेळा?"

"चार."

मी ओरडले नाही. तेच तिला फार लागलं असावं.

घळ आता बंद आहे. जाणत्या म्हाताऱ्याकडे जाऊन आलो. विधीचा दिवस ठरला आहे, अजून नऊ दिवस आहेत. नातेवाईक येतील, मेंढ्या कापायच्या आहेत, लाकूडफाटा जमवायचा आहे, आणि ते सगळं नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात पडलं आहे. तोवर कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं त्याने बजावलं. त्यात काही अवघड नव्हतं. आमच्या घरी मला नावाने कोण हाक मारणार?

काल दुपारी मी पीठ मळत होते. बाहेर रणरणतं ऊन होतं. आई हातमागाशी बसून घोंगडी विणत होती. मेंढवाड्याच्या मागून कोणीतरी मला हाक मारली. पूर्ण नावाने. आवाज माझाच होता, पण फार गोड. पिठातले हात तसेच राहिले. मी ओ दिली नाही. परत हाक आली, जरा जवळून. मी आईकडे बघितलं. तिला काही ऐकू गेलं नसावं असं वाटलं, कारण तिचे हात चालूच होते. तिसऱ्यांदा हाक आली, पाण्याच्या टाकीपाशी.

चौथ्यांदा ती दाराशी आली.

आईचे हात थांबले. तिने दाराकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून वैतागून म्हणाली, "दार उघड ना बाई. किती वेळ उन्हात उभं ठेवणार आहेस त्याला?"