उपड्या कपाची साक्ष

“ताई, इथं फुकट बसायला मिळावं म्हणून माणसानं किती वेळा उडायचं असतं हो?”

प्रश्न भोंग्याच्या डोक्यातला नव्हता. मैत्रिणींनी पैज लावली होती. विमानतळावरच्या लाउंजमध्ये शिरायचं, थेट काउंटर गाठायचं आणि कुजबुजत नाही, खणखणीत आवाजात विचारायचं. भोंग्याने विचारलं. सोफ्यांवरची सगळी डोकी वळली.

भोंगा म्हणजे यंदा दहावीत गेलेली एक मुलगी. शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक बंद पडला, तेव्हा तिने नुसत्या गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत सूत्रसंचालन केलं होतं. त्या दिवशी हे नाव पडलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायलाही लागलं होतं.

काउंटरवरची ताई हसेल, नाहीतर डोळे वटारेल, असं तिला वाटलं होतं. ताई रडायलाच लागली.

“अहो, गंमत केली मी!” भोंगा गडबडली. “आत्या, मी काहीच केलं नाही गं!”

आत्या मागून सावकाश येत होती. ती खासगी गुप्तहेर होती. गुप्तहेर म्हणजे लांब कोट, काळा चष्मा असलं काही नाही. दुखरे गुडघे, कापडी पिशवी आणि घारीची नजर. विम्याचे खोटे दावे उघडे पाडायला तिला सारखं कुठे ना कुठे उडावं लागे, म्हणून विमान कंपनीने तिला सोनेरी कार्ड दिलं होतं. ते दाखवलं की लाउंजमध्ये बसता येतं आणि सोबत एक पाहुणाही नेता येतो. आजचा पाहुणा भोंगा.

दोघी निघाल्या होत्या दूरच्या एका निवासी शाळेत. उद्या तिथे भोंग्याची मुलाखत. शाळा आई-बाबांनी निवडली होती आणि मुख्याध्यापिकेकडे शब्द आत्याने टाकला होता. भोंग्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. तिनेही गुपचूप एक बेत करून ठेवला होता: मुलाखतीत मिठाची गुळणी धरून बसायचं. मग शाळाच नको म्हणेल. भांडण नाही, तंटा नाही. बेत फक्त मैत्रिणींना ठाऊक होता.

“तुझा काही दोष नाही, बाळा,” ताई डोळे पुसत म्हणाली. “आज माझा इथला शेवटचा दिवस आहे बहुतेक. कुणी असं हसून काही विचारलं की भरून येतं.”

“बहुतेक म्हणजे?” आत्याने पिशवी काउंटरवर ठेवली. ती पिशवी अशी ठेवली की आत्या सगळं ऐकल्याशिवाय हलत नाही, हे भोंग्याला माहीत होतं.

“आमच्याकडे विमानांच्या घोषणा होत नाहीत मॅडम. लोकांना शांतता हवी असते. ज्यांना डुलकी काढायची असते ते सांगून ठेवतात. मग आम्ही त्यांच्यासमोर रिकामा कप बशीत उपडा घालतो आणि बशीखाली विमानाचा नंबर ठेवतो. वेळ झाली की फेरीवर असेल तो उपडे कप बघत जातो आणि उठवतो. ही आमची आपसातली खूण.”

“मग?”

“सकाळी एक सोनेरी कार्डवाले साहेब आले. पाहुणे म्हणून त्यांचे वडील. साहेबांचं विमान आधी, कामाच्या गावाला. आजोबांचं नंतर, साहेबांच्या घरी. बाबांना झोप लागते, नक्की उठवा, असं बजावून साहेब गेले. मी माझ्या हाताने कप उपडा घातला, मॅडम. तरी आजोबा इथेच राहिले आणि विमान गेलं.”

“फेरीवर कोण होतं?”

“सफाईचे मामा. ते म्हणतात, कप सुलटा होता. साहेबांनी फोनवर मॅनेजरना झाड झाड झाडलं. मॅनेजर म्हणतात, तूच विसरलीस. पाळी संपेपर्यंत खरं काय ते सांग, नाहीतर उद्यापासून येऊ नको.” ताईने पुन्हा डोळे पुसले. “खरं ते मी आधीच सांगून बसलेय.”

आत्याने घड्याळ पाहिलं. “आमच्या विमानाला वेळ आहे. भोंग्या, चल. आणि आवाज जरा कमी.”

मामा पॅन्ट्रीच्या दाराशी कप पुसत होते.

“सुलटाच होता,” विचारायच्या आधीच ते म्हणाले. “नुसता सुलटा नाही बाई, भरलेला. चहा. वाफा निघत होत्या त्यातून. भरला कप म्हणजे माणूस चहा पितोय, त्याच्या वाटेला जायचं नाही, असं शिकवलंय आम्हाला.”

“पण आजोबा झोपले होते ना?”

“मान खाली होती. म्हटलं, चहा निवेपर्यंत डोळे मिटले असतील.” मामांनी तोच कप दुसऱ्यांदा पुसला. “ताई माझ्या मुलीसारखी आहे. पण डोळ्यांनी बघितलेलं कसं नाकारू?”

“दोघांपैकी एकजण खोटं बोलतंय!” भोंगा बाहेर येताच म्हणाली.

“किंवा कुणीच नाही.”

“असं कसं होईल? कप काय स्वतःहून उठून उभा राहिला?”

“तेच तर बघायचंय.”

आजोबांसमोरच्या सोफ्यावर एक सूटवाले काका बसले होते. पुढ्यात लॅपटॉप, शेजारी रिकाम्या कपांची उतरंड.

“माझं विमान लांबलंय. सकाळपासून सडतोय इथे,” ते वैतागून म्हणाले. “माझा पण कप उपडा होता. त्या ताईने वेळेवर उठवलं, आणि उठून बघतो तर विमान लांबलेलं! झोप गेली ती गेलीच. आजोबांना नवल वाटलं, इतक्या माणसांत मलाच नेमकं कसं उठवलं म्हणून. ताईने मला सांगितलेली कपाची गंमत त्यांना सांगितली. दोनदा सांगावी लागली, कमी ऐकू येतं त्यांना. मग मी कॉफीच्या रांगेत गेलो. परत आलो तर आजोबा गाढ झोपलेले. चष्मासुद्धा काढला नव्हता बिचाऱ्यांनी.”

भोंग्याने आत्याला कोपऱ्यात ओढलं. “सापडला! चार्जरची वायर बघ. प्लग आजोबांच्या टेबलाशेजारी आहे. वायर खेचताना काकांनी उपडा कप हलवला आणि आपला भरलेला तिथे ठेवला!”

“त्यांच्या कपांचे तळ बघ.”

भोंग्याने पाहिले. कॉफी, कॉफी, कॉफी, कॉफी.

“आणि मामांनी काय पाहिलं?”

“चहा,” भोंग्याचं तोंड एवढंसं झालं.

“हिरमुसू नकोस. आता तुझं काम. आजोबांशी गप्पा मार. मी मागे बसते.”

आजोबा खिडकीशी बसले होते. मांडीवर एक छोटी लाकडी पेटी, दोन्ही हात तिच्यावर.

“आजोबा, पेटीत काय आहे?” भोंग्याने विचारलं आणि मग जीभ चावली. आवाज पुन्हा मोठा!

पण आजोबांचा चेहरा खुलला. “वा! सकाळपासून पहिलं वाक्य धड ऐकू आलं बघ. इथे सगळे कानात सांगितल्यासारखं बोलतात.” त्यांनी पेटी उघडली. इवलेसे स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे, एक भिंग. “घड्याळं दुरुस्त करायचो. ते भिंतीवरचं आहे ना, मागे पडतंय. सकाळपासून बघतोय.”

“आणि आता दुकान?”

“दिलं. मुलगा म्हणाला, बाबा, पुरे झालं, माझ्याकडे या कायमचे. गुणी आहे हो तो. रोज फोन करतो.”

“मग मज्जा आहे तुमची!”

“हं,” आजोबा म्हणाले आणि हातातल्या घड्याळाला चावी देत बसले. त्याला चावीची गरज नव्हती. मग त्यांनी चष्मा काढला, काचा रुमालाने पुसल्या, डबीत ठेवून डबी बंद केली आणि खिशात घातली. “जरा पडतो गं पोरी. चष्मा घालून डोळा लागला तर काच जाते. काचेला जपायचं, ही जुनी सवय.”

थोड्याच वेळात ते खरोखर घोरायला लागले.

आत्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मामांकडून एक धुतलेली कप-बशी मागून घेतली.

आजोबा जागे झाले, तेव्हा त्यांच्या टेबलाभोवती मॅनेजर, ताई, मामा आणि सूटवाले काका उभे होते. टेबलावर बशीत उपडा कप होता.

“मी हळूच बोलणार,” आत्या भोंग्याला म्हणाली. “तू ते मोठ्याने सांगायचंस. आजोबांना ऐकू यायला हवं.”

“मॅडम, इथे शांतता...” मॅनेजर म्हणाले.

“शांततेनेच घोळ झालाय,” आत्या म्हणाली.

आत्या कुजबुजू लागली आणि भोंगा सांगू लागली, सूत्रसंचालन केल्यासारखी, छाती काढून.

“ताई खरं बोलतेय. तिने कप उपडा घातला होता! मामाही खरं बोलतायत. त्यांना कप सुलटा दिसला! म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी तो सुलटा केला आणि त्यात चहा ओतला. चहातून वाफा निघत होत्या, म्हणजे तो नुकताच ओतलेला होता. काका तेव्हा कॉफीच्या रांगेत होते आणि ते चहा पीतच नाहीत. उपड्या कपाचा अर्थ लाउंजच्या माणसांना ठाऊक. बाहेरच्या दोघांनाच ठाऊक. एक काका, आणि दुसरे ज्यांना काकांनी दोनदा सांगितलं ते...”

भोंग्याचा आवाज थोडा उतरला. आत्या कुजबुजतच होती.

“झोपलेल्या माणसाचा चष्मा डोळ्यांवर होता. पण तो माणूस काचेला जपणारा. झोपायच्या आधी चष्मा डबीत ठेवतोच. आणि ज्याला भिंतीवरचं घड्याळ मागे पडलेलं कळतं, त्याचं विमान...”

भोंगा थांबली. पुढचं वाक्य तिला ऐकू आलं होतं. ते मोठ्याने म्हणायला तिची जीभ रेटेना.

“चुकत नाही,” आजोबांनीच वाक्य पुरं केलं. “चुकवावं लागतं.”

सगळ्यांच्या माना आजोबांकडे वळल्या.

“मला जायचं नव्हतं,” आजोबा म्हणाले. “म्हणजे महिनाभर गेलो असतो. नातवंडं आहेत तिथे. पण कायमचं? त्याने इतक्या हौसेने तिकीट काढलं, नाही कसं म्हणू? लहानपणापासून त्याला एकदाही नाही म्हटलेलं नाही. म्हटलं, विमानच गेलं तर कुणाचं मन मोडायला नको. कुणाचं नुकसान नाही.”

आत्याने भोंग्याकडे पाहिलं. हे सांगणं आता तिच्याकडेच होतं.

“आजोबा,” भोंगा म्हणाली, हळू, पण त्यांना ऐकू येईल एवढं, “ताईची नोकरी चाललीय. उठवलं नाही म्हणून.”

आजोबांनी ताईकडे पाहिलं. तिचे लाल डोळे त्यांना आत्ता दिसले.

“कुणी बोललं का नाही मला?” त्यांनी पेटी बाजूला ठेवली. “पोरी, तुझ्या बापाच्या वयाचा माणूस असून मी...”

ते हात जोडणार तोच ताईने ते धरले. “असू दे हो, बाबा. असू दे.”

“असू कसं देऊ? फोन लावा त्याला. मोठ्या आवाजावर लावा.”

मुलाने लगेच फोन उचलला. आजोबांनी एका दमात सगळं सांगितलं. मामांनी फोन चालू आहे ना, ते डोकावून पाहिलं.

“बाबा, आधी का नाही बोललात?” पलीकडून आवाज आला. तो चिडलेला नव्हता.

“तू विचारलं नाहीस. मी सांगितलं नाही. फिट्टंफाट.” आजोबांनी नाक पुसलं. “महिनाभर येतो. मग परत. दुकान गेलं तर गेलं, घरात टेबल मांडीन.”

“खिडकीशी मांडू. मी येतो मांडायला.” मुलगा म्हणाला. “आणि त्या ताईंना द्या फोन. मला माफी मागायचीय.”

मॅनेजरनी उगाच टाय सरळ केला. “उद्या सकाळची पाळी आहे तुझी,” ते ताईला म्हणाले. “आणि माझंही जरा... आधी विचारायला हवं होतं मी.”

आजोबांनी टेबलावरचा कप स्वतःच्या हाताने सुलटा केला. मामांनी त्यात चहा ओतला.

भोंगा मात्र खिडकीशी उभी होती. एवढा वेळ ती गप्प आहे, हे पाहून आत्या उठून तिच्याजवळ गेली.

“आत्या, उद्या मी मुलाखतीत गप्प बसले असते, तर तुझा शब्द खाली पडला असता ना?”

“पडला असता.”

“तुला माहीत होतं?”

“टॅक्सीत तू ड्रायव्हरच्या टोपीपासून ढगांपर्यंत सगळ्यावर बोललीस. मुलाखतीवर अवाक्षर नाही. तू! पण विचारलं मीही नाही गं. तिथे माझं चुकलं.”

भोंग्याने तिला एक घट्ट मिठी मारली आणि मोबाईल काढला.

“आई, बाबांना जवळ बोलाव. हो, आत्ता. स्पीकर लाव. नाही, बॅग हरवली नाही. ऐका दोघं. उद्या मी त्या मुख्याध्यापिकांना भेटणार, आत्याच्या शेजारी बसणार आणि त्यांच्या तोंडावर नीट सांगणार. तुम्ही चिडलात तरी चालेल, पण आधी तुम्हाला सांगतेय. मी त्या शाळेत जाणार नाही. मी घरीच राहून माझ्याच शाळेत शिकणार आहे.”

लाउंजमधली सगळी डोकी वळली. या वेळी भोंग्याने आवाज कमी केला नाही.